कॅल्शियम रिॲक्टरचा गॅस कसा सेट करायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात ज्यांनी ज्यांनी मरीन टँकला (खाऱ्या पाण्याच्या, कोरलच्या टाकीला) कॅल्शियम रिॲक्टर बसवलाय त्यांचे फोन आणि मेसेज फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, गॅस किती सोडायचा. इंदिरानगरवरून आला तरी तेच, नाशिकरोडवरून आला तरी तेच. म्हणून सगळे प्रश्न एका जागी लिहून काढले. नवीन असाल तर पहिल्यापासून वाचा, रिॲक्टर आधीच चालू असेल तर सरळ प्रश्न ५ पासून घ्या.

१. कॅल्शियम रिॲक्टर नेमकं करतो काय आणि त्यात गॅस कशाला लागतो?

कडक कोरल (प्रवाळ) आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात आणि त्यासाठी पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले विरघळलेले कार्बोनेट) रोज ओढून घेतात, ते रोजच्या रोज भरून द्यावं लागतं. रिॲक्टर म्हणजे एक बंद नळकांडं, त्यात ॲरागोनाइटचा मीडिया, म्हणजे जुन्या कोरलच्या सांगाड्याचे तुकडे. टाकीच्या पाण्याचं पीएच ८ च्या आसपास असतं, त्यात हे तुकडे वर्षभर पडले तरी विरघळत नाहीत. पण त्याच पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की पाणी आंबट होतं, पीएच साडेसहाच्या जवळ येतं आणि मीडिया विरघळायला लागतो. हे विरघळलेलं पाणी बारीक धारेने सम्पमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) येतं, बस एवढंच. मीडिया विरघळताना दर २.८ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) मागे २० पीपीएम (दहा लाखात २० भाग) कॅल्शियम सुटतं आणि कोरल सांगाडा बांधताना दोन्ही याच प्रमाणात घेतात, म्हणून दोन्ही गोष्टी आपोआप जोडीने भरल्या जातात.

२. माझी टाकी १०० लिटरची आहे, रिॲक्टर घेऊ का?

नको. डोसिंग पंपाने दोन सोल्युशन (एक कॅल्शियमचं, एक अल्कलिनिटीचं) सोडा, स्वस्तात आणि नीट भागेल. टाकी मोठी असेल, कोरल भरपूर असतील आणि रोज १ डीकेएचच्या वर खर्च होत असेल तेव्हा रिॲक्टरचे पैसे वसूल होतात.

३. गॅस कुठून भरायचा? वेल्डिंगवाला चालेल का? फायर एक्स्टिंग्विशर जोडला तर?

सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसी पट्ट्यात औद्योगिक गॅसचं काम चालतं, तिथे चौकशी करा. मागताना मात्र नुसतं "वेल्डिंगचा गॅस" म्हणू नका, कारण वेल्डिंगला आर्गॉन आणि सीओटूचं मिक्स्चरही वापरतात आणि ते आपल्याला अजिबात चालणार नाही, आपल्याला शुद्ध कार्बन डायऑक्साइड पाहिजे. भरायला देताना सिलेंडरच्या टेस्टची तारीख बघून घ्या. घरी आणताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा. घरात सिलेंडर कायम उभा आणि साखळीने बांधलेला हवा, आडवा ठेवला तर गॅसऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये (सिलेंडरचा दाब कमी करून देणाऱ्या भागात) शिरतो.

एक्स्टिंग्विशरच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच सीओटू एक्स्टिंग्विशरमध्ये आतून तळापर्यंत नळी असते, आग विझवायला द्रवच बाहेर यावा म्हणून, आणि तो द्रव तुमचं रेग्युलेटर खराब करेल. साखर आणि यीस्टची बाटली पण नको. प्लांटेड टँकला (गोड्या पाण्यातल्या वनस्पतींच्या टाकीला) लोक लावतात ते ठीक, पण त्यात प्रेशर रोज बदलतं आणि इथे आपलं सगळं काम स्थिर गॅसवर आहे.

४. गॅस सोडायच्या आधी काय काय तयार पाहिजे?

पहिली गोष्ट, टाकीचे आकडे आधी जागेवर आणा. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या आसपास, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. रिॲक्टर रोजचा खर्च भरून काढायला असतो, खाली गेलेले आकडे वर खेचायला नाही. तुमची अल्कलिनिटी ६ असेल आणि तुम्ही रिॲक्टरने ८ करायला गेलात तर गॅस इतका वाढवून बसाल की ८ ला पोचल्यावर ती तिथे थांबणारच नाही. खड्डा हाताने डोस देऊन भरा, मग रिॲक्टर.

दुसरी, रोजचा खर्च मोजा. सगळं डोसिंग बंद, आज रात्री ८ ला डीकेएच तपासा, उद्या रात्री ८ ला परत. वेळ तीच पाहिजे. माझ्या गंगापूर रोडच्या टाकीत पाणी निव्वळ ३०० लिटर आहे (दगड आणि वाळू वजा करून) आणि खर्च दिवसाला १.४ डीकेएच निघाला. पुढची उदाहरणं मी हाच आकडा घेऊन देतो.

आता इथे लोक कॅल्शियम का मोजत नाही विचारतात. १.४ डीकेएच म्हणजे फक्त १० पीपीएम कॅल्शियम, ४२० चं ४१० झालेलं घरच्या किटमध्ये कळतच नाही. अल्कलिनिटी ८ वरून ६.६ वर आली तर लगेच दिसतं. म्हणून ट्यूनिंगच्या काळात रोज डीकेएच आणि आठवड्यातून एकदा कॅल्शियम.

तिसरी, लीक. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. मग रेग्युलेटरमध्ये प्रेशर भरून सिलेंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, नीडल व्हॉल्व्ह (गॅस अगदी बारीक सोडणारा नॉब) पण बंद, रात्रभर तसंच ठेवा. सकाळी काटा पडलेला दिसला तर कुठेतरी गळतंय. सिलेंडर बदलताना दर वेळी नवा वॉशर टाका, दहा-वीस रुपयांसाठी जुना वॉशर परत वापरून अख्खा सिलेंडर आठवड्यात रिकामा झालेले लोक मला माहीत आहेत.

५. पहिल्या दिवशी सेटिंग कुठून सुरू करू?

पूर्ण पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे त्यामुळे सावकाश वाचा. तुमच्याकडे दोन नॉब आहेत, एक गॅसचा आणि एक बाहेर येणाऱ्या पाण्याचा. दोन्ही एकदम हलवले की काय बदललं म्हणून काय झालं ते कधीच कळत नाही. म्हणून पाण्याचा फ्लो ठरवा (किती ते प्रश्न ७ मध्ये) आणि तो बांधून टाका, परत हात लावायचा नाही. ट्यूनिंग फक्त गॅसने.

रिॲक्टर पाण्याने पूर्ण भरा, हवा काढून टाका, सर्क्युलेशन पंप चालू करा आणि गॅस न सोडता तासभर चालू द्या. मग रेग्युलेटरचं वर्किंग प्रेशर १० ते १५ पीएसआयवर आणा आणि तेही तिथेच सोडा. नीडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून मगच सिलेंडर उघडायचा. मग व्हॉल्व्ह हळूहळू, घड्याळाचा मिनिट काटा सरकावा तसा उघडा, आणि बबल काउंटरमध्ये (गॅस ज्यातून बुडबुड्यांनी जातो त्या छोट्या नळीत) पहिला बुडबुडा दिसला की थांबा. एक मिनिट नुसतं बघत बसा, बुडबुडे लगेच जमत नाहीत, मागून येतात. मिनिटाला १० ते १५ वर आणून सोडून द्या आणि झोपायला जा. पहिल्या रात्री यापेक्षा जास्त काही करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बाहेर येणाऱ्या पाण्याचं पीएच आणि डीकेएच बघा, टाकीचा डीकेएच बघा, लिहून ठेवा. टाकी खाली चाललीय तर बुडबुडे थोडे वाढवा, म्हणजे १५ चे १८, तिप्पट नाही. मग परत एक दिवस थांबा. असं करत साधारण दोन आठवड्यात टाकी एका आकड्यावर स्थिर होते. ज्यांनी मला "एका संध्याकाळी सेट केला" म्हणून सांगितलं त्यातल्या बहुतेकांनी आठवड्याने परत फोन केलाय.

६. दादा, मित्राच्या रिॲक्टरला मिनिटाला ३० बुडबुडे आहेत, मी पण ३० ठेवू का?

नाही. त्याच्या बबल काउंटरच्या नळीचं भोक वेगळं, त्यात त्याने पाणी भरलंय की ग्लिसरीन ते वेगळं, त्यामुळे बुडबुड्याचा आकार वेगळा, त्याचे ३० म्हणजे तुमचे १५ पण असू शकतात किंवा ५० पण. शिवाय त्याच्या कोरलचा खर्च वेगळा. बुडबुड्यांचा आकडा फक्त तुमच्या स्वतःच्या रिॲक्टरशी ताडून बघायला असतो, काल २० होते आज १२ आहेत म्हणजे काहीतरी हललंय, एवढ्यासाठीच.

मोजताना १५ सेकंद मोजून ४ ने गुणू नका, पूर्ण मिनिट मोजा. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. काउंटरमधलं पाणी कमी होत जातं ते पण बघत जा, पाणी आटलं की बुडबुडे दिसायचेच बंद होतात आणि माणूस गॅस संपला समजून व्हॉल्व्ह उघडत बसतो.

७. बाहेर येणाऱ्या पाण्याचा फ्लो किती ठेवायचा? काही हिशोब आहे का?

आहे आणि सोपा आहे. टाकीचे निव्वळ लिटर गुणिले रोजचा खर्च, भागिले रिॲक्टरच्या पाण्याचा डीकेएच वजा टाकीचा डीकेएच. माझं उदाहरण घ्या. ३०० लिटर गुणिले १.४ म्हणजे ४२०. रिॲक्टरचं पाणी २५ डीकेएचचं यावं असं धरलं आणि टाकी ८ ची, फरक १७. ४२० भागिले १७ म्हणजे दिवसाला साधारण २४.७ लिटर, म्हणजे मिनिटाला १७ मिली.

थेंब मोजायच्या नादी लागू नका. १ मिलीला ढोबळ २० थेंब धरले तरी १७ मिलीचे ३४० थेंब होतात, ती बारीक धारच असते. एक मेजरिंग सिलेंडर घ्या, धारेखाली बरोबर एक मिनिट धरा आणि वाचा. मी तीनदा धरतो आणि मधला आकडा घेतो.

२५ च का घेतला? रिॲक्टरमधून २० ते ४० डीकेएच पर्यंतचं पाणी येऊ शकतं. ४० च्या पाण्याला धार फार बारीक ठेवावी लागते, बारीक धार लवकर चोक होते (प्रश्न १२), आणि पीएच पण फार खाली न्यावं लागतं. मधला मार्ग बरा पडतो.

अजून एक समजून घ्या, यावरून नेहमी गोंधळ होतो. पीएच कंट्रोलर (पीएच बघून गॅस आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) नसेल तर रोज किती अल्कलिनिटी मिळणार हे मुख्यतः गॅस ठरवतो, फ्लो नाही. जेवढा गॅस आत विरघळला तेवढाच मीडिया सुटणार, तुम्ही धार दुप्पट केली तर तेच जास्त पाण्यात पातळ होऊन येतं, टाकीला मिळणारं एकूण थोडंच वाढतं. लोक धार वाढवतात, डीकेएच वाढत नाही, मग रिॲक्टरला नावं ठेवतात. पीएच कंट्रोलर असेल तर गणित उलटं होतं, ते प्रश्न १० मध्ये.

८. रिॲक्टरच्या पाण्याचं पीएच किती पाहिजे? मीडियाचा चिखल झालाय.

बहुतेक ॲरागोनाइटला ६.५ ते ६.७. बारीक दाण्याचा मीडिया थोड्या वरच्या पीएचला पण सुटतो, जाड तुकड्यांना थोडं खाली जावं लागतं. ६.३ च्या खाली गेलात की दाणे मऊ पडतात, एकमेकांना चिकटतात, पाणी मीडियाच्या आतून न जाता एका बाजूने वाट काढतं आणि चिखल झाला म्हणून फोन येतो. चिखल झाला असेल तर गॅस बंद करा, मीडिया बाहेर काढून आरओच्या पाण्यात खंगाळा, बारीक पीठ फेकून द्या, चांगले तुकडे परत भरा आणि प्रश्न ५ पासून सुरू करा.

पीएच मोजताना पाणी धारेखालून घेतलं की लगेच मोजा. वाटीत घेऊन दहा मिनिटं ठेवलं तर गॅस उडतो आणि पीएच वर चढलेलं दिसतं. डीकेएचला गॅस उडाल्याने फरक पडत नाही पण तरी ताजंच पाणी तपासा. किटचं रसायन फार लागतं म्हणून मी अर्ध पाणी आणि अर्ध आरओ मिसळून तपासतो आणि आकडा दुप्पट करतो.

९. नॉब फिरवल्यावर किती वेळाने खरा आकडा दिसतो?

रिॲक्टरच्या आतलं पीएच काही तासात नव्या जागेवर येतं, पण टाकीचा डीकेएच कळायला पूर्ण २४ तास द्यावे लागतात, ४८ दिले तर अजून चांगलं. सकाळी फिरवला, दुपारी तपासला, काही नाही म्हणून परत फिरवला, संध्याकाळी परत, असं केलं की तिन्ही बदल एकत्र दुसऱ्या दिवशी येऊन आदळतात. टाकीचा डीकेएच एका दिवसात १ पेक्षा जास्त हलू देऊ नका, ॲक्रोपोराची (फांद्यांच्या कडक कोरलची) टोकं पांढरी पडायला याहून जास्त काही लागत नाही.

एक वही ठेवा. तारीख, बुडबुडे, धार, रिॲक्टरचं पीएच, टाकीचा डीकेएच, बस पाच रकाने. माझ्या वहीत एका पानावर सलग नऊ दिवस ८.१, ८.०, ८.१ असं लिहिलेलं आहे, त्या पानाचा मला अजूनही आनंद होतो.

१०. पीएच कंट्रोलर लावला की ट्यूनिंग करावं लागत नाही ना?

लागतं, फक्त नॉब बदलतो. कंट्रोलर रिॲक्टरच्या आतलं पीएच धरून ठेवतो, समजा ६.६ ला सोलेनॉइड (विजेवर चालणारा गॅसचा व्हॉल्व्ह) बंद आणि ६.६५ च्या वर गेलं की चालू. म्हणजे बाहेर येणाऱ्या पाण्याचा डीकेएच बांधला गेला, आता टाकीला किती मिळणार ते धार ठरवते. धार वाढवली की कंट्रोलर आपोआप जास्त गॅस देतो आणि डोस खरोखर वाढतो.

तरीही बुडबुडे इतकेच ठेवा की सोलेनॉइड बऱ्यापैकी वेळ चालूच राहील. काही लोक कंट्रोलर आहे म्हणून व्हॉल्व्ह सताड उघडा टाकतात, मग पीएच झपकन खाली, सोलेनॉइड बंद, परत वर, दिवसभर टकटक चालू. आणि ज्या दिवशी सोलेनॉइड उघडा अडकला किंवा प्रोब (पीएच मोजणारी कांडी) वेडावाकडा वाचायला लागला त्या दिवशी तो उघडा व्हॉल्व्ह सगळी टाकी घेऊन बसेल. प्रोब महिन्यातून एकदा ७ आणि ४ च्या सोल्युशनमध्ये कॅलिब्रेट करा. टाकीच्या प्रोबला ७ आणि १० वापरतात, इथे ७ आणि ४.

११. रिॲक्टर लावल्यापासून टाकीचं पीएच सकाळी ७.८ दिसतं. नॉर्मल आहे का?

थोडं उतरणं अपेक्षित आहे, रिॲक्टरच्या पाण्यात न वापरलेला गॅस शिल्लक असतोच आणि रात्री टाकीत प्रकाशसंश्लेषण बंद असल्याने सकाळी पीएच सगळ्यात खाली असतं. ७.८ ला मी घाबरत नाही. त्याच्या खाली जात असेल तर आधी हे बघा की गॅस गरजेपेक्षा जास्त तर नाही, म्हणजे पाणी २५ डीकेएचचं पण पीएच ६.२ असं तर नाही ना. तसं असेल तर मीडिया कमी पडतोय किंवा पंपाचं फिरणं कमी पडतंय.

मग दुसरं नळकांडं. पहिल्यातून निघालेलं पाणी मीडियाने भरलेल्या दुसऱ्यातून नेलं की उरलेला गॅस तिथे मीडिया विरघळवण्यात खर्च होतो आणि पाणी वरच्या पीएचला बाहेर येतं. धार स्किमरच्या (पाण्यात हवा मिसळून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) तोंडाजवळ सोडा, गॅस लवकर उडतो.

खोलीची हवा विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत नाशकात थंडी कडक पडते, दारं खिडक्या बंद, घरात पाच माणसं, गॅसची शेगडी, खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि रिॲक्टरला हात न लावता टाकीचं पीएच पडतं. एक खिडकी तासभर उघडून बघा, पीएच चढलं तर चूक रिॲक्टरची नाही. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढली की बऱ्याच जणांचं काम भागतं. एवढं करूनही भागलं नाही तर रात्री टॉपअपच्या पाण्यात चुन्याची निवळी, म्हणजेच कॅल्कवॉसर, थेंब थेंब द्या. तिचं पीएच १२ च्या वर असतं म्हणून एकदम ओतायची नाही, आणि तीही अल्कलिनिटी देते म्हणून रिॲक्टरचा गॅस तेवढा कमी करायचा.

१२. धार आपोआप कमी होते. सोमवारी १७ मिली, शुक्रवारी ९. व्हॉल्व्ह खराब आहे का?

व्हॉल्व्ह चांगला आहे, चोक होतोय. द्राक्षबागेत ठिबकचे ड्रिपर क्षाराने कसे धरतात आणि मग लॅटरलमधून ॲसिड सोडून साफ करावे लागतात ते इथे शेतीवाल्या घरातल्या कुणालाही विचारा. तुमच्या धारेच्या व्हॉल्व्हमध्ये पण तेच होतं, पाणी क्षाराने भरलेलं, भोक बारीक, गॅस उडाला की तिथेच कार्बोनेट बसतं, वरून मीडियाचं पीठ. आणि धार कमी झाली की आतलं पाणी जास्त वेळ थांबतं, पीएच अजून खाली जातं, म्हणजे एका चोकने दोन्ही आकडे बिघडतात.

तात्पुरता उपाय, आठवड्यातून एकदा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून जोरात पाणी जाऊ द्या आणि परत मोजून सेट करा. महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये बुडवा. कायमचा उपाय म्हणजे सतत चालणारा पेरिस्टाल्टिक पंप, तो व्हॉल्व्हच्या भरवशावर न राहता मोजून पाणी ओढतो. पैसे थोडे लागतात पण रिॲक्टरवर एकच गोष्ट जास्तीची घ्यायची असेल तर कंट्रोलरच्या आधी मी हाच पंप घ्यायला सांगेन. नळी मात्र चेपून चेपून सैल पडते, वेळेवर बदला.

१३. रिॲक्टरच्या वरच्या भागात गॅस साठतो आणि पंप खडखड करतो.

गॅस विरघळण्याच्या वेगापेक्षा जास्त येतोय. वरचा स्क्रू सैल करून गॅस सोडा, बुडबुडे कमी करा, आणि मीडिया गच्च बसून फिरणं मंदावलंय का ते बघा. वारंवार होत असेल तर सक्शनच्या जोडातून हवा पण ओढली जात असेल.

१४. लाईट गेली तर काय होतं? आमच्याकडे पावसाळ्यात रोजचं आहे.

सोलेनॉइड असेल तर लाईट गेल्यावर तो बंदच होतो, गॅस थांबतो, काही बिघडत नाही. लाईट आली की बुडबुडे एकदा मोजून घ्या. पण सोलेनॉइड नसेल आणि गॅस फक्त नीडल व्हॉल्व्हवर चालू असेल तर पंप बंद, पाणी बंद, आणि गॅस मात्र येतोच आहे. तो वर साठून आतलं आंबट पाणी ढकलून बाहेर काढतो. तेव्हा सोलेनॉइडशिवाय रिॲक्टर चालवू नका, एवढंच सांगणं आहे. इन्व्हर्टरवर घ्यायचं असेल तर रिॲक्टरचा पंप, फीड (आत पाणी देणारा पंप) आणि सोलेनॉइड तिन्ही एकाच बोर्डवर घ्या. फक्त सोलेनॉइड इन्व्हर्टरवर आणि पंप बाहेर अशी वायरिंग मी एका घरी बघितली आहे, ती सगळ्यात वाईट.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पण लावा, नाहीतर गॅस थांबल्यावर खारं पाणी नळीतून मागे सोलेनॉइडमध्ये जातं.

१५. एप्रिलमध्ये सिलेंडरचं प्रेशर वाढलेलं दिसतं आणि थंडीत कमी. गळतंय का?

गळत नाही, तापमान आहे. सिलेंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि द्रव आहे तोपर्यंत काटा फक्त तापमान सांगतो, किती उरलाय ते नाही. १० अंशाला साधारण ६५० पीएसआय, २० ला ८३०, ३० ला १०४५ च्या आसपास. ३१ अंशांच्या वर तर कार्बन डायऑक्साइड द्रव राहूच शकत नाही, कितीही दाब असला तरी, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी गाठतो. म्हणून सिलेंडर गच्चीत, बाल्कनीत उन्हाला किंवा गाडीत बंद करून अजिबात ठेवू नका.

प्रेशर बदललं की साध्या रेग्युलेटरचं आउटपुट पण थोडं सरकतं. त्यामुळे थंडी संपताना आणि उन्हाळा सुरू होताना बुडबुडे परत मोजायचे, मी होळीच्या सुमारास एकदा आणि दिवाळीनंतर एकदा वही काढून सगळे आकडे नव्याने घेतो.

१६. सिलेंडर संपत आलाय हे कसं ओळखायचं? आणि किती दिवस जातो?

वजन करा. रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्यावर ठोकलेलं असतं, वजनकाट्यावर ठेवून ते वजा केलं की उरलेला गॅस (रेग्युलेटर जोडलेलं असेल तर त्याचंही वजन धरा). रेग्युलेटरच्या काट्याचं प्रेशर पडायला लागलं म्हणजे द्रव संपलाय, आता थोडेच दिवस.

दिवसांचा हिशोब असा. माझ्या टाकीला रोज ४२० लिटर-डीकेएच (लिटर गुणिले डीकेएच, प्रश्न ७ मधला आकडा) लागतं, त्याला कागदावर साधारण ३.३ ग्रॅम गॅस पुरतो, पण काही गॅस न वापरता पाण्याबरोबर जातो म्हणून ५-६ ग्रॅम धरा. म्हणजे २ किलोचा सिलेंडर ११ महिन्यांच्या आसपास. तुमचा याच हिशोबाने वर्ष जायला हवा आणि तीन महिन्यात संपत असेल तर लीक शोधा, प्रश्न ४ मध्ये पद्धत आहे.

आता संपताना काय होतं ते सांगतो कारण माझ्याकडे झालंय. साधं एक टप्प्याचं रेग्युलेटर होतं. अशा रेग्युलेटरमध्ये सिलेंडरचं प्रेशर खूप पडलं की बाहेरचं प्रेशर उलट वाढतं आणि उरलासुरला गॅस भसाभस सुटतो. सकाळी सहाला उठलो तर बबल काउंटरमध्ये बुडबुडे वेगळे दिसतच नव्हते, नुसती पांढरी रेघ. टाकीचं पीएच ७.४. सगळे पॉलिप (कोरलचे फुलासारखे उघडणारे जीव) आत, मासे पृष्ठभागाजवळ. सिलेंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, दोन एअर पंप सोडले आणि स्किमर पूर्ण खुला केला, दुपारपर्यंत ७.९ आलं. पीएच चढवायला कुठलीही पावडर टाकली नाही, गॅस हवेने उडवणं हाच बरोबर मार्ग, पावडरने अल्कलिनिटी उडी मारते आणि दुसरं संकट उभं राहतं. मासे वाचले, पण चार वर्षं वाढवलेली एक मोंटीपोरा (कडक कोरलचीच एक जात) तळव्याएवढी होती ती गेली. तेव्हापासून दोन टप्प्यांचं रेग्युलेटर आहे आणि वजन २०० ग्रॅमवर आलं की सिलेंडर भरायला जातो, शेवटच्या गॅसचा मोह नाही.

१७. डीकेएच बरोबर आहे पण कॅल्शियम ३६०. गॅस वाढवू?

नाही, गॅस वाढवला तर दोन्ही वाढतील आणि डीकेएच डोक्यावर जाईल. दोघांतला फरक रिॲक्टर बुजवत नाही. कॅल्शियम क्लोराइडने फक्त कॅल्शियम हळूहळू वर आणा, मग रिॲक्टर दोन्ही धरून ठेवेल. मॅग्नेशियम पण तपासा, ते कमी असेल तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी वर टिकत नाहीत. ॲरागोनाइटमध्ये मॅग्नेशियम फार थोडं असतं, ते वेगळं द्यावं लागतं किंवा मॅग्नेशियमचा मीडिया थोडा मिसळावा लागतो.

१८. मालवणला किनाऱ्यावर मेलेलं कोरल पडलेलं असतं, ते आणून मीडिया म्हणून वापरू का? संगमरवराचे तुकडे?

कोरल उचलू नका, मेलेलं सुद्धा. कडक प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. शिवाय किनाऱ्यावरच्या तुकड्यात काय काय मुरलंय सांगता येत नाही. संगमरवर कॅल्साइट असतो, तो ॲरागोनाइटपेक्षा कमी विरघळतो, म्हणजे गॅस जास्त आणि टाकीचं पीएच अजून खाली. रिॲक्टरचा म्हणून विकला जाणारा मीडियाच घ्या, धुवून भरा, आणि पहिल्या दिवसांचं धारेचं पाणी फॉस्फेटसाठी तपासा.

१९. महिनाभर ८.० स्थिर होतं, काहीच बदललं नाही, आता आपोआप ८.९ झालंय. असं का?

तुम्ही काही बदललं नसेल पण टाकीने बदललं. आधी बुडबुडे आणि धार मोजा, दोन्ही वहीतल्या आकड्याइतकी असतील तर रिॲक्टर तेवढंच देतोय आणि कोरल कमी घेतायत. आता कोरलकडे बघा. नुकताच मोठा तुकडा काढून कुणाला दिला का, लाईट बदलली का, पाणी तापलं का, रात्री टॉर्च मारून पॉलिप बाहेर येतात का बघा. कोरल त्रासात असतील तर वाढ थांबते आणि खर्च सगळ्यात आधी पडतो, रंग जायच्या कितीतरी आधी. चढलेला डीकेएच ही पहिली खबर असते. गॅस दहा टक्के कमी करा आणि मूळ कारण शोधा.

उलटं, हळूहळू ८.० चं ७.४ होत असेल आणि मीडिया पुरेसा असेल तर कोरल वाढलेत. खर्च नव्याने मोजा (प्रश्न ४), फ्लो नव्याने काढा (प्रश्न ७). मीडिया अर्ध्यावर आला असेल तर आधी तो भरा, आणि भरल्यावर पहिले दोन दिवस डीकेएच रोज बघा कारण ताजा मीडिया त्याच गॅसमध्ये जास्त देतो.

२०. आठ दिवस गावाला जायचंय. रिॲक्टर चालू ठेवू की बंद?

स्थिर असेल तर चालू. जायच्या आठवड्यात कुठलाच नॉब हलवायचा नाही, सिलेंडरचं वजन करायचं, धार साफ करायची, आणि बुडबुडे आहेत त्याहून थोडे कमी करून जायचं, आठ दिवसात अर्धा-एक डीकेएच उतरला तर कोरल सहन करतात, चढलेला जास्त त्रास देतो. रिॲक्टर नवीन असेल, दोन आठवडे पण झाले नसतील, तर बंद करून जा आणि शेजारच्या काकूंना रोज एक मोजून भरलेली डोसची बाटली ओतायला सांगा. बंद करताना सिलेंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, फक्त सोलेनॉइडचा प्लग काढून जायचं नाही. आत आंबट पाणी आठ दिवस साचलेलं असतं म्हणून परत आल्यावर पहिलं अर्धा लिटर-एक लिटर पाणी बादलीत सोडून फेकून द्या, मग धार सम्पमध्ये.